न सापडले म्हणजे नव्हते काय?

वारणानगरला माहितीच्या शोधाचा प्रश्न नवा नाही. १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात या परिसरातील ७० गावे संगणकांद्वारे सहकारी संस्थांशी जोडण्यात आली. पुढे २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला. ठरावीक साच्यात संदेश पाठवला, की शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती मिळे. नोंदवही एकच असल्यामुळे उत्तर न आल्यास चूक कोठे झाली, ते तपासता येई.

आज विद्यार्थी प्रकल्पासाठी समाजमाध्यमांकडे वळतात. 'एक्स' (२०२३ पूर्वीचे ट्विटर) या माध्यमावर 'प्रगत शोध' नावाची सोय आहे. शब्द, वगळायचे शब्द, लिहिणाऱ्याचे खाते, तारखा अशा चाळण्या तीत लावता येतात. साधन उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण त्याच्या उत्तरावर आपण कितपत विसंबावे? ऑगस्ट २०१९ मध्ये वारणेला आलेल्या पुराविषयी लोकांनी काय लिहिले, हे शोधायचे आहे असे समजू.

अवतरणचिन्हांत 'वारणेला पूर' असे लिहिले, तर तेवढीच शब्दरचना शोधली जाते. 'वारणा नदीला महापूर' किंवा 'वारणेचे पाणी गावात' असे लिहिणारे बाहेर राहतात. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. 'वारणा'चे 'वारणे' होते. व्याकरणाच्या तासाला शिकवलेली ही गोष्ट येथे थेट उपयोगी पडते. शिवाय अनेक जण मराठी रोमन लिपीत लिहितात, तेही हाती लागत नाहीत.

नुसता 'वारणा' शब्द घातला, तर दूध आणि श्रीखंडाच्या जाहिराती येऊ लागतील. म्हणून 'दूध' हा शब्द वगळला, तर पुरामुळे दूध संकलन थांबल्याचे सांगणारी पोस्टही गळते! नको असलेले काढताना हवे असलेले जाते, आणि गेल्याचे कळतही नाही.

तारखांचेही तसेच. 'पर्यंत' म्हणून दिलेली तारीख शोधात धरली जात नाही. आदल्या दिवशीच शोध थांबतो. दिवसही भारतीय वेळेप्रमाणे नव्हे, तर साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे मोजला जातो. म्हणजे आपल्याकडे पहाटे तीनला लिहिलेली हाक तेथे आदल्या दिवसात पडते. किमान इतक्या जणांना आवडलेल्याच पोस्ट मागितल्या, तर आडगावातल्या अनोळखी माणसाचा आवाज आधीच गाळला जातो. पुसलेल्या पोस्ट आणि खासगी खाती तर दिसतच नाहीत.

तेव्हा आमचे मत असे: माहीत असलेली एखादी पोस्ट पुन्हा शोधून काढण्यास हे साधन उत्तम, पण 'किती लोकांनी लिहिले' किंवा 'कोणीच लिहिले नाही' असे निष्कर्ष त्यावरून काढू नयेत. जाळ्याच्या छिद्रांतून निसटलेले मासे मोजता येत नाहीत.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. चार गटांना हाच विषय द्यावा आणि प्रत्येकाने वापरलेले शब्द, वगळलेले शब्द, तारखा व शोधाची वेळ वहीत लिहून ठेवायला सांगावे. मग याद्या शेजारी शेजारी ठेवून एका गटाला सापडलेले दुसऱ्याला का सापडले नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. प्रकल्पाला गुण देताना निष्कर्षाइतकेच गुण त्या नोंदींना द्यावेत.