पाण्याखालची परिभाषा

शब्दांवाचून चालणारे मानवी व्यवहार थोडे. समुद्रात खोल उतरणाऱ्या मनुष्याची स्थिती या बाबतीत विलक्षण आहे. श्वास देणाऱ्या नळीचे टोक त्याने दातांत धरलेले असते. त्यामुळे संकट कितीही निकडीचे असो, एक शब्दही त्याला उच्चारता येत नाही. जे काही बोलून घ्यावयाचे ते होडीत बसूनच बोलून घ्यावे लागते. दस्तऐवजाच्या आरंभी व्याख्यांचे कलम असते आणि पुढे वाद उपस्थित झाला म्हणजे त्या कलमाकडेच बोट दाखवावे लागते. येथील प्रकार तसाच आहे. फरक इतकाच की, या वादात अपील नाही. म्हणून पाणबुड्यांच्या परिभाषेचे परीक्षण हा शब्दपंडितांचा केवळ विरंगुळा ठरू नये. मुरगावनजीकच्या ग्रँड बेटापाशी आणि मालवण-तारकर्लीच्या पाण्यात आज आपलीच मुलेबाळे हौसेने बुडी घेत आहेत.

प्रथम ‘स्कूबा’ हा शब्दच घेऊ. तो कोणा मूळ धातूपासून निघालेला नाही. अमेरिकन वैद्यक-संशोधक ख्रिश्चन लॅम्बर्टसन यांनी १९५२ साली पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून तो घडविला. त्या पाच शब्दांचा अर्थ ‘पाण्याखाली श्वसन करण्याचे स्वयंपूर्ण साधन’ असा होतो. यातील ‘स्वयंपूर्ण’ हे विशेषण अर्थपूर्ण आहे. पूर्वीच्या पाणबुड्याच्या डोक्यावर धातूचे शिरस्त्राण असे आणि जहाजावरील पंपातून नळीने त्याला हवा पुरविली जाई. म्हणजे त्याचा प्राण दुसऱ्याच्या हाती असे. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी असे यंत्र सिद्ध केले की, मनुष्य श्वास ओढील तेव्हाच आणि सभोवतीच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने त्याला पाठीवरच्या नळकांड्यातून हवा मिळावी. नळीचे दास्य संपले. परंतु मौज अशी की, ‘स्वयंपूर्ण’ म्हणविणाऱ्या या विद्येचा एक मुख्य दंडक ‘एकट्याने उतरू नये’ हाच आहे. बरोबरच्या माणसाला इंग्रजीत ‘बडी’ म्हणतात. हा शब्द उसना घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. संतांच्या वाणीत रुळलेला ‘सांगाती’ मराठीत आहे आणि कोंकणीतील ‘सांगात’ त्याचाच सोयरा आहे. संकटात आपली हवा वाटून देणाऱ्याला याहून योग्य नाव सापडणार नाही.

आता सदोष शब्दांकडे वळू. पाठीवरच्या नळकांड्याला आपण सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतो. वृत्तपत्रेही तसेच लिहितात. वास्तविक तीत सामान्यतः आपण किनाऱ्यावर घेतो तीच हवा दाबून भरलेली असते : शंभरात सुमारे २१ भाग ऑक्सिजन आणि ७८ भाग नत्रवायू. चूक होण्याचे कारणही समजण्याजोगे आहे. ज्या वायूचे नावच आपण ‘प्राणवायू’ ठेवले, तो अधिक असेल तितका बरा असे वाटणारच. परंतु शुद्ध प्राणवायू सुमारे ६ मीटरांहून अधिक खोलीवर विषासारखा ठरू लागतो. आचके येतात आणि मनुष्य बुडतो. प्राणवायूचे प्रमाण वाढविलेले मिश्रणही पाणबुडे वापरतात; परंतु त्या नळकांड्यावर तशी स्पष्ट खूण असते आणि त्याची खोलीची मर्यादा वेगळी असते. सर्वांनाच ‘ऑक्सिजन’ म्हणू लागलो की, हा प्राणरक्षक भेद भाषेतूनच नाहीसा होतो. ‘हवेची टाकी’ हा साधा शब्द येथे पुरेसा आहे.

सदोष शब्द नेहमी अडाणीपणातूनच जन्मतात असे नाही, काव्यातूनही जन्मतात. कूस्तो आणि फ्रेदेरिक द्यूमा यांचा ‘मूक विश्व’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १९५३ साली निघाला आणि त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ साली कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. समुद्र मूक नाही. कोळंबीच्या काही जातींचा कडकडाट आणि देवमाशांची साद यांनी तो भरलेला आहे. शिवाय पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. मूक असतो तो पाणबुड्या. त्याने आपले मौन समुद्रावर आरोपिले, एवढेच. हा दोष निरुपद्रवी आहे. पण दुसरा तसा नाही. सुमारे ३० मीटरांखाली दाबलेल्या नत्रवायूमुळे मेंदूवर मद्यासारखी गुंगी चढू लागते. फ्रेंच पाणबुड्यांनी हिला ‘खोलीची नशा’ म्हटले. तीच इंग्रजीत गेल्यावर ‘खोलीचा परमानंद’ झाली. वैद्यांचा शब्द रूक्ष आहे, ‘नत्रगुंगी’ असा. पण तोच इमानी आहे. ज्या अवस्थेत मनुष्य वेळ पाहावयास विसरतो आणि क्वचित तोंडातली नळीही काढून टाकतो, तिला आनंदाचे नाव देणे म्हणजे सापाला अलंकार म्हणणे होय. आपल्याकडे कोणी भाविक लेखक तिला ‘समाधी’ म्हणण्याचा संभव आहे. त्याला नम्रपणे सुचवावेसे वाटते की, समाधीत विवेक स्थिर होतो आणि या गुंगीत तोच प्रथम जातो. बुडालेल्या बोटीला ‘जलसमाधी मिळाली’ असे लिहून आपण त्या पवित्र शब्दाची पुरेशी विटंबना यापूर्वीच केली आहे.

याच्या उलट मजुरांनी थट्टेत दिलेला एक शब्द पाहा. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुई आणि ब्रुकलिन येथील पुलांचे पाये नदीतळाशी, दाबलेल्या हवेने भरलेल्या पेट्यांत बसून खणले गेले. बाहेर आल्यावर सांध्यांतील कळांनी मजूर वाकत. त्या काळी कंबर वाकवून चालण्याची एक चाल स्त्रियांत रूढ होती. तिच्यावरून या व्याधीला ‘बेंड्स’, म्हणजे वाक, हे नाव पडले. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंते वॉशिंग्टन रोबलिंग हेही १८७२ साली तिने जायबंदी झाले. सोड्याची बाटली एकाएकी उघडावी तसा, दाब झपाट्याने उतरला की रक्तात विरघळलेला नत्रवायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे तिचे कारण. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली, तेव्हा तिला आळा बसला. या व्याधीला ‘निःसंपीडन-विकार’ म्हणता येईल. पण होडीतला मुलगा तो शब्द उच्चारीपर्यंत रोगी हातचा जाईल. ‘बुडबुड्यांचा रोग’ म्हणावे. नावातच कारण आले आणि उपायाची दिशाही.

परंतु मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले ते आपल्याच एका निर्मळ वाक्प्रचाराने. किनाऱ्यावर एक तरुण शिक्षक घाबरलेल्या पाहुण्याला प्रेमाने सांगत होता, “काका, घाई करू नका, दम धरा.” त्याला ‘धीर धरा’ म्हणावयाचे होते. पण या विद्येचा पहिला नियम ‘श्वास कधीही रोखू नये’ हाच आहे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तेथे छातीभर घेतलेली हवा कोंडून वर आल्यास ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसे फाटतात. प्राणायामात कुंभकाची थोरवी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगितले पाहिजे : हे कुंभकाचे स्थान नव्हे. हातांच्या खुणांचेही तसेच आहे. वर केलेला अंगठा तेथे ‘छान’ म्हणत नाही, ‘वर चला’ म्हणतो. आणि ‘बरे वाटत नाही’ म्हणून अंगठा खाली केला, तर सोबती त्याचा अर्थ ‘आणखी खाली’ असा घेतो. ‘सर्व ठीक’ची खूण मात्र आपल्या ओळखीची आहे : तर्जनी आणि अंगठा यांचे कडे, म्हणजे मंदिरातल्या मूर्तींच्या हाती आपण पाहतो ती ज्ञानमुद्रा.

त्याच किनाऱ्यावर पाहुण्यांकडून एका इंग्रजी छापील पत्रावर सह्या घेतल्या जात होत्या. वाचत कोणीच नव्हते. अनेकांना ते वाचता येण्याजोगेही नव्हते. १८७२ च्या आपल्या करार कायद्याचे १३ वे कलम सांगते की, उभय पक्ष एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतील तेव्हाच ती संमती. जेथे ‘दम’ एका अर्थाने बोलला जातो आणि दुसऱ्या अर्थाने ऐकला जातो, तेथे सही असते, संमती नसते.

परकी शब्दांविषयी माझा आकस नाही. ‘स्कूबा’ खुशाल राहावा. टेबल राहिले तसाच. परंतु जो शब्द पाण्यात उतरणाऱ्याच्या प्राणाशी निगडित आहे, तो त्याच्या मायबोलीत आणि निःसंदिग्ध असावा. किनाऱ्यावरील आपल्या देवस्थानांनी आणि वाचनालयांनी, जाणते पाणबुडे व दर्यावर्दी यांना बरोबर घेऊन, मराठी व कोंकणी अशा दोन्ही भाषांत एक पानभर शब्दपत्र सिद्ध करावे आणि ते प्रत्येक होडीत टांगावे. तीस शब्द पुरेत. त्यांतला पहिला ‘श्वास चालू ठेवा’ हा असावा.