मंटोच्या बाटलीपलीकडे

सआदत हसन मंटोविषयी आपल्या मैफलीत बोलणे निघाले की दोनच सूर ऐकू येतात. माणूस मोठा, पण शराबने वाया गेला, हा एक. शराब होती म्हणून तर तसे लिहू शकला, हा दुसरा. पहिल्यात शहाजोगपणा आहे, दुसऱ्यात उगाच कौतुक आहे. मनावर बसलेल्या घावाने माणसाचे पुढे काय होते, हा मंटोच्या फाळणीकथांचा खरा विषय. त्याच्या व्यसनाविषयी बोलताना मात्र आपण नेमका तोच विसरतो.

‘खोल दो’मधली सकीना आठवा. बापापासून ताटातूट झालेल्या या मुलीला शोधायला निघालेले रजाकार आपल्याच कौमचे, आणि तिची दशा करणारेही तेच. शेवटी डॉक्टर खिडकी उघडायला सांगतात आणि त्या मुडद्यासारख्या पडलेल्या पोरीचे हात सलवारीच्या नाडीकडे जातात. ही कथा आपण अत्याचाराची म्हणून वाचतो आणि शहारतो. पण मंटो त्याच्या पुढे गेला आहे. मुलीच्या लेखी आता त्या दोन शब्दांना एकच अर्थ उरला आहे. मन जागेवर नाही, देह मात्र शिकलेले विसरत नाही. आघातानंतरच्या अशा अवस्थेला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली ती १९८० साली. मंटोची कथा १९४८ची.

‘ठंडा गोश्त’ त्याहून अवघड आहे. इथे मोडलेला माणूस खुनी आहे. ईशरसिंगने लुटालूट केली, माणसे मारली, एक मुलगी उचलून नेली, आणि ती आधीच मेलेली होती. त्यानंतर त्याचा देह त्याला साथ देईनासा होतो. मंटो त्याला माफ करत नाही. जुलूम करणाऱ्यालाही त्या जुलमाची किंमत मोजावी लागते एवढेच दाखवतो. या कथेवर अश्लीलतेचा खटला भरणाऱ्यांना तिच्यात फक्त बिछाना दिसला.

आता खुद्द मंटोकडे येऊ. पंजाबातल्या कत्तली काही त्याने डोळ्यांनी पाहिल्या नव्हत्या. तेव्हा तो मुंबईत होता. त्याला बसलेला घाव वेगळा होता. नट श्याम हा त्याचा जिवलग दोस्त. रावळपिंडीहून आलेल्या एका शीख कुटुंबाची हकीकत दोघांनी मिळून ऐकली. नंतर मंटोने विचारले, मी मुसलमान आहे, मला मारावेसे वाटत नाही का? श्यामच्या उत्तराचा आशय असा, की आता नाही, पण ते ऐकत असताना मारू शकलो असतो. श्यामवरच्या लेखात मंटोने हे स्वतः लिहून ठेवले आहे. १९४८च्या जानेवारीत त्याने मुंबई सोडली.

फाळणीने मंटोला दारुडा केले, असे म्हणणे मात्र सोयीचे असले तरी खोटे आहे. तो आधीपासून पीत होता. दिल्लीत रेडिओवर असताना तान्हा मुलगा गेला, ते दुःखही आधीचे. लाहोरमध्ये मात्र पिण्याला धरबंद राहिला नाही. मुंबईतले मित्र नाहीत, सिनेमाचे काम नाही, वर खटले. रोजच्या बाटलीपुरते पैसे मिळावेत म्हणून तो कथा लिहून देऊ लागला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ खांत्झियन यांनी १९८५ साली मांडले, की व्यसनी माणूस बहुतेकदा मजेसाठी पीत नाही. न सोसणारी वेदना बधिर करण्यासाठी तो स्वतःपुरते औषध शोधत असतो. मंटोला हे लागू पडते असे मला वाटते. पण त्या औषधाने सफिया आणि तीन मुलींचे जे हाल झाले, त्यांचा हिशेब या सिद्धांताने मिटत नाही.

आणि शराबने कथा लिहिल्या म्हणणाऱ्यांनी श्यामवरचा तोच लेख पुन्हा वाचावा. १९५१च्या एप्रिलमध्ये मंटो दारू सोडण्यासाठी लाहोरच्या पागलखान्यात होता. दारू तुटल्याने शुद्ध येत-जात होती, भास होत होते. तिथेच त्याने वर्तमानपत्रात श्यामच्या मृत्यूची बातमी वाचली, आणि ती खरी की आणखी एक भास, हे त्याला कळेना. यात कसली आली मौज? शेवटच्या काळातल्या अनेक कथा घाईच्या आहेत, नुसत्या धक्क्यावर संपवलेल्या आहेत. हे मंटोवर प्रेम करूनही म्हटले पाहिजे. ‘टोबा टेक सिंग’ त्याच काळातली, पण तिच्यामागे पागलखाना आतून पाहिलेला माणूस आहे. महिन्यातून एकदा मुलाखतीच्या दिवशी बिशनसिंग अंघोळ करतो, तेल लावतो, केस विंचरतो. हा तपशील नशेतून आलेला नाही. १८ जानेवारी १९५५ रोजी यकृताच्या आजाराने मंटो गेला, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

हे सगळे आज लिहावेसे वाटले, कारण १९९२-९३च्या मुंबईवर आपण मराठीत लिहिले ते बहुतेक जळालेल्या दुकानांविषयी आणि मेलेल्यांविषयी. श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा ९०० दिला. जे वाचले आणि नंतर पिऊ लागले किंवा गोळ्यांशिवाय झोपेनासे झाले, त्यांच्यावर कथा किती आल्या? आमच्या ओळखीतले एक चाचा त्या जानेवारीनंतर प्यायला लागले. घरच्यांनी त्यांना बेइमान म्हटले, मोहल्ल्याने सलाम बंद केला. त्या रात्री गल्लीत त्यांनी काय पाहिले, हे कुणी विचारले नाही, मीही नाही.