वरून दिसणारी गाडी: रेल्वे मॉडेलांच्या छतांविषयी

आजचा विषय आहे रेल्वेच्या छोट्या मॉडेलांमधल्या प्रवासी डब्यांची छतं. विषय किरकोळ वाटेल. पण बघा, डहाणू रोडच्या फलाटावर आपल्याला डब्याची बाजू दिसते: खिडक्या, दारं, पाट्या. छत दिसतं ते पादचारी पुलावरून. मॉडेलचं नेमकं उलटं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ साली सुरू झालेलं लघुरेल्वे संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. अशा मांडणीत आपण उभे असतो आणि गाडी खाली धावते. म्हणजे खऱ्या गाडीचा जो भाग आपण सगळ्यात कमी पाहिलेला, तोच मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त दिसतो. आणि तिथेच अनेक चांगली मॉडेलं फसतात, असं आमचं म्हणणं आहे.

फसतात कशी? छत 'खरं' दिसावं म्हणून ते खरखरीत केलं जातं. आता हिशेब मांडू. एचओ मापात प्रमाण १:८७. दीडशे नंबरच्या पॉलिश पेपरचा कण साधारण ०.१ मिलिमीटर. तो छतावर चिकटवला तर खऱ्या डब्यावर जवळपास नऊ मिलिमीटरचा खडा झाला! असं छत कुठल्या गाडीला असतं? टिश्यू पेपर गोंदाने चिकटवायची रीत त्यापेक्षा बरी, पण तिची जागा वेगळी. ब्रिटनमध्ये लाकडी डब्यांच्या छताच्या फळ्यांवर कॅनव्हास ताणून शिशाचा पांढरा रंग देत. त्या जुन्या डब्याला टिश्यूची हलकी सुरकुती शोभते. पत्र्याच्या डब्याला नाही. रंगात थोडी टाल्कम पावडर मिसळणं आम्हाला सगळ्यात पटतं, कारण तिने उंचवटे फारसे येत नाहीत, चकाकी मात्र मरते.

मुद्दा हाच आहे. टेबलापासून एक मीटरवर उभं राहणं म्हणजे खऱ्या गाडीपासून ८७ मीटरवर उभं राहणं. एवढ्या लांबून पत्र्याचा पोत हाताला लागेल असा दिसतच नाही. दिसतात ते रंगाचे फरक, डाग, ओघळ आणि चकाकी. लहान मापात पोत म्हणजे रंगच.

मग रंग कुठला? इथे दुसरी चूक होते. वरून काळं पाणी फिरवायचं, काजळी धरली असं दाखवायचं. ही कृती वाफेच्या इंजिनांच्या काळातली आहे. इंजिनामागच्या पहिल्या डब्यांवर काजळी जास्त, मागे कमी, हे त्या काळी खरंच होतं. पण आपल्या मार्गावर आज विजेची इंजिनं धावतात. तिथे धूर कुठून आणणार? तिथे बसतो तो पेंटोग्राफच्या पट्टीचा आणि ब्रेकचा बारीक चुरा, त्यावर धूळ, त्यावर पाऊस. शिवाय तारेत २५ हजार व्होल्ट असताना छतावर कुणी चढू शकत नाही. म्हणून बाजू धुऊन निघते आणि छत तसंच राहतं.

हे वाचायला आशागडच्या माणसाला परकं पुस्तक लागत नाही. घरावरचा नवा पत्रा दोन पावसाळ्यांत कसा मळतो, गंज आधी खिळ्याभोवती आणि जोडावर कसा धरतो, ओघळ उताराच्या दिशेने कसा उतरतो, हे आपण रोज पाहतो. तोच नियम आयसीएफ डब्याला लावा: गंज आणि मळ व्हेंटिलेटरच्या बुडाशी आणि जोडावर, मधल्या सपाटीवर नाही. एलएचबी डबा मात्र स्टेनलेस स्टीलचा. त्याच्या छतावर नारिंगी गंजाचे ठिपके देणं म्हणजे स्टीलच्या तांब्याला गंज चढवणं.

कुणी म्हणेल, मॉडेल हा खेळ आहे, थोडी अतिशयोक्ती चालते. चालते, आम्हीही मानतो. व्हेंटिलेटरभोवतीची सावली जरा गडद केली तर डोळ्याला मदतच होते. पण अतिशयोक्ती असलेल्या गोष्टीची करावी, नसलेल्या गोष्टीची नव्हे.

याची एवढी काळजी का? पेरांबूरच्या कारखान्यात १९५५पासून बनत आलेल्या आयसीएफ रचनेच्या डब्यांचं उत्पादन तिथे २०१८मध्ये थांबलं. २०२२मध्ये डेक्कन क्वीनही एलएचबी झाली. ज्या डब्यांतून आपल्या दोन-तीन पिढ्यांनी प्रवास केला, ते रुळांवरून जात आहेत. बाजूचे फोटो भरपूर उरतील, वरचे थोडे. उद्याच्या मुलाला ते छत कळेल ते बहुधा मॉडेलवरून. त्यावर आपण परक्या गाडीची काजळी फासून ठेवली, तर तो तीच खरी मानेल.

तेव्हा ब्रश उचलण्याआधी पुलावर जा. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. एकाच गाडीची पाच छतं शेजारी-शेजारी पाहा. पाचही वेगळी दिसतील. मॉडेलमध्येही ती वेगळीच असू द्या.