गोल कुणाचा, जल्लोष कुणाचा?
मुंबईच्या फुटबॉलमधील अंतिम सामने आणि प्रेक्षक

मराठी वृत्तपत्रांतील फुटबॉलच्या बातम्यांत एक वाक्य हमखास भेटते : ‘प्रेक्षकांनी एकच जल्लोष केला.’ गोल कितव्या मिनिटाला झाला, पास कुणी दिला, गोलरक्षक कुठे चुकला, याचा तपशील बातमीत असतो. प्रेक्षकांच्या वाट्याला मात्र हे एकच वाक्य येते. त्यातला ‘एकच’ हा शब्द ‘मोठा’ या अर्थाने वापरलेला असतो हे खरे. पण तो नकळत आणखी काही सांगून जातो. जल्लोष एकाच जातीचा असतो, मैदानावरची सारी माणसे एकाच कारणासाठी ओरडतात, असे गृहीतक त्यात दडलेले आहे. नाट्यसमीक्षेत आपण प्रेक्षकांचा विचार करतो, तमाशाच्या फडाबद्दल लिहिताना तर तो टाळताच येत नाही. खेळाच्या लेखनात मात्र प्रेक्षक हा पार्श्वसंगीतासारखा राहिला. गेल्या काही वर्षांतील मुंबईशी संबंधित अंतिम सामने समोर ठेवून या गृहीतकाची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अंधेरी, १७ मार्च २०१९

इंडियन सुपर लीगच्या पाचव्या हंगामाचा अंतिम सामना अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावर झाला. बेंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या शेवटी गोव्याचा अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि राहुल भेकेने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. १-० अशी बेंगळुरूची सरशी झाली.

हा गोल करणारा खेळाडू मुंबईचा, मैदान मुंबईचे, आणि करंडक मात्र बेंगळुरूला. आता प्रश्न असा, की मुंबईच्या प्रेक्षकाने या गोलाला कोणती प्रतिक्रिया द्यायची? आपला पोरगा म्हणून टाळ्या वाजवायच्या, की परक्या संघाचा गोल म्हणून गप्प बसायचे? गुंता इथेच संपत नाही. त्याच मैदानावर आठ दिवसांपूर्वी, उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, गोव्याने मुंबई सिटीला ५-१ असे धुतले होते. म्हणजे मुंबईकराला गोव्याच्या पराभवात थोडे समाधान मिळण्याचीही सोय होती. दुसरीकडे गोव्याच्या समर्थकांसाठी तो दिवस केवळ फुटबॉलचा राहिला नव्हता : त्याच संध्याकाळी गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे निधन झाले होते. त्यातच २०१५ ची जखम जुनी झालेली नव्हती. त्या वर्षी फातोर्डाला, घरच्या मैदानावर, सामना संपायला तीन-चार मिनिटे असताना गोवा २-१ असा पुढे होता. मग गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीचा स्वयंगोल आणि भरपाई वेळेत मेंडोझाचा गोल, आणि चेन्नईयिनने ३-२ असा करंडक नेला.

एकाच ११७ व्या मिनिटाला बेंगळुरूकराचा आनंद, गोवेकराचे दुहेरी दुःख आणि मुंबईकराचा संभ्रम हे तिन्ही एका छपराखाली होते. ‘एकच जल्लोष’ या वाक्यात यातले काय मावते?

प्रेक्षकाविना अंतिम सामना

प्रेक्षक हा नाट्याचा घटक आहे की केवळ साक्षीदार, याचा निवाडा करायला करोनाने एक विचित्र संधी दिली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डाच्या रिकाम्या मैदानावर मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचा अंतिम सामना झाला. डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेले, तिरीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मुंबईला पहिला करंडक मिळवून दिला. नाट्य म्हणावे तर सारे होते.

त्या सामन्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण मात्र गोलाचा नव्हता. पूर्वार्धाच्या शेवटी मुंबईचा बचावपटू अमेय रानवडे धडकेनंतर बेशुद्ध पडला आणि रुग्णवाहिकेतून त्याला नेण्यात आले. भरल्या मैदानावर अशा वेळी हजारो माणसे एकदम शांत होतात आणि ती शांतताच खेळाडूच्या काळजीची भाषा असते. इथे शांतता आधीपासूनच होती, त्यामुळे तिला काही अर्थ उरला नव्हता. टाळ्यांइतकीच शांतताही प्रेक्षकाने द्यावी लागते, हे त्या दिवशी कळले.

या सामन्याला आणखी एक बाजू आहे. मुंबईचा प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा गोव्याहून आलेला. जाहू, बुमू, फॉल, मंदार राव देसाई हे खेळाडूही तिथूनच आलेले. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टींवर हरवले होते. म्हणजे गोव्याच्या मैदानावर, गोव्यात घडलेला संघ, मुंबईच्या नावाने जिंकला. प्रशिक्षक बदलतो, खेळाडू बदलतो, त्यांना करार असतात. प्रेक्षकाला करार नसतो, म्हणून त्याला बदलताही येत नाही. फुटबॉलच्या व्यवहारात जागचा न हलणारा तोच एक आहे.

पत्ता असलेला प्रेक्षक

वरळी कोळीवाड्यासारख्या वस्तीत खेळ पाहण्याची रीत वेगळी आहे. वरळी-प्रभादेवी-लालबाग हा पट्टा कबड्डीचा. इथल्या मंडळांच्या सामन्यात चढाईला जाणारा पोरगा कुणाचा, त्याचे घर कोणत्या गल्लीत, त्याची आय बाजारात कुठे मासळी घेऊन बसते, हे बघणाऱ्याला ठाऊक असते. त्याची पकड झाली की पंचांवर ओरडणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पोराला ‘पाय का नाय सोडवलास रे?’ असे विचारू शकतो. प्रतिक्रिया मैदानात संपत नाही. ती गल्लीत, बंदरावर, नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत चालू राहते. या प्रेक्षकाला पत्ता आहे, आणि खेळाडूलाही.

फुटबॉलमध्ये असा पत्ता महाराष्ट्रात कुठे असेल तर तो कोल्हापुरात. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावेच पेठा आणि तालमींची आहेत. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल आपलासा केला. राजर्षी शाहू स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यात पेठ विरुद्ध पेठ अशी लढत असते आणि निकाल रात्रभर चौकाचौकांत वाजतो.

मात्र या चित्राला गोंडस करण्याचे कारण नाही. पत्ता असलेल्या प्रेक्षकाचा राग त्याच पत्त्यावर पोहोचतो. कोल्हापुरात समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे पोलिसांना मध्ये पडावे लागले आहे, सामने थांबले आहेत. कबड्डीतही पंचांना घेराव घातला जातो. आपलेपणा आणि दांडगाई यांचे मूळ एकच असू शकते, हे मान्य केल्याशिवाय प्रेक्षकांची समीक्षा प्रामाणिक होणार नाही. शिवाय पत्त्यावर आधारलेला प्रेक्षक परक्याला सहज आत घेत नाही. बायकांना तर मैदानाच्या कडेलाही जागा मिळायला वेळ लागतो. याबाबतीत खुर्च्या, तिकीट आणि सुरक्षारक्षक असलेले नवे मैदान अधिक मोकळे आहे, हेही नोंदवले पाहिजे.

कूपरेजचे देणे

‘मुंबईत फुटबॉलचा प्रेक्षक लीगने तयार केला’ असे जे सरसकट बोलले जाते ते इतिहासाला धरून नाही. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक. प्रारंभी करंडक गोऱ्या पलटणींकडेच जाई. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीत पोहोचले आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरले. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने पलटणींची मक्तेदारी मोडली. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलीस जिंकले.

यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कूपरेजवर गाजलेले विजेते बहुतांशी बाहेरगावचे. मुंबईच्या प्रेक्षकाला दुसऱ्याचा खेळ दाद देऊन पाहण्याची सवय तिथे लागली असावी. ही सवय रसिकतेची, पण तिने मालकीची भावना रुजवली नाही. मुंबईचे मोठे संघही कंपन्यांचे आणि गिरण्यांचे. महिंद्र युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये बंद झाला. ज्या संघाने देश जिंकला तो चार वर्षांत मिटला आणि शहराच्या दैनंदिन जीवनात फारशी खळबळ झाली नाही. कोल्हापुरात एखादी तालीम फुटबॉल सोडते आहे अशी नुसती कल्पना करून पाहावी, म्हणजे फरक कळेल.

कोलकात्यातले दोन दिवस

१८ सप्टेंबर २०२२. सॉल्ट लेकवर ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूने मुंबई सिटीला २-१ असे हरवले. या सामन्याचे गोल आज फार थोड्यांना आठवत असतील. आठवते ते बक्षीस समारंभातले दृश्य : छायाचित्रासाठी पुढे येताना राज्यपाल ला. गणेशन यांनी विजेता कर्णधार सुनील छेत्रीला हाताने बाजूला सारले. त्यावर देशभरातून संताप उमटला आणि त्यात संघभेद उरला नाही. हरलेल्यांचा आणि जिंकलेल्यांचा राग सारखाच होता. करंडक कुणाचा, हा प्रश्न पहिल्यांदाच दोन संघांच्या पलीकडे गेला : खेळणाऱ्यांचा, की मंचावरच्यांचा?

दुसरा दिवस ४ मे २०२४ चा. तेच मैदान. १५ एप्रिलला इथेच मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून लीग शील्ड हिसकावले होते. मुंबईला बरोबरीही पुरली असती. अंतिम सामन्यात कमिंग्सने बागानला पुढे नेले तेव्हा साठ हजारांवर माणसांचा आवाज होता. मग पेरेरा दियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटी वोयतुस. ३-१. विजयी संघाचा नायक राहुल भेके, तोच ज्याच्या २०१९ च्या गोलाला मुंबईला नीट हसताही आले नव्हते. आता तो मुंबईसाठी जिंकला होता, पण शहरापासून दूर, आणि त्या उन्हाळ्यातच तो पुन्हा बेंगळुरूला गेला.

अंधेरीच्या मैदानावर ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’ म्हणवणारे समर्थक आहेत. त्यांनी गल्ली किंवा पेठ नसताना एका स्टँडलाच आपला पत्ता केला. या प्रयत्नाचे मोल मोठे आहे, कारण शहरात पत्ता मिळत नसेल तर तो बांधावा लागतो. त्यांची संख्या मोजून त्यांना हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष

या साऱ्यावरून एक कसोटी मांडता येते. प्रेक्षकाची प्रतिक्रिया किती मोठी, यापेक्षा ती किती टिकते आणि कुणापर्यंत पोहोचते, हे पाहावे. कोळीवाड्यातली प्रतिक्रिया खेळाडूपर्यंत पोहोचते. कोल्हापुरातली तालमीच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचते, कधी नको इतकी. मुंबईच्या फुटबॉलमधली मात्र टीव्हीच्या प्रक्षेपणात रंग भरते आणि तिथेच थांबते. संघाचे मालक, महासंघ, आयोजक यांच्यापैकी कुणीही तिला उत्तर देण्यास बांधील नाही.

याची किंमत काय, हे २०२५ मध्ये दिसले. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील हक्कांच्या करारावर निर्णय न झाल्याने जुलै २०२५ मध्ये लीगचा नवा हंगाम स्थगित ठेवल्याचे जाहीर झाले. खेळाडूंचे पगार, क्लबांचे भवितव्य, न्यायालयातील सुनावण्या यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण ज्यांच्या जल्लोषावर हा सारा डोलारा उभा असल्याचे सांगितले जाते, त्यांना या चर्चेत खुर्ची नव्हती.

म्हणून क्रीडालेखनाकडे एक साधी मागणी आहे. पुढचा अंतिम सामना जेव्हा होईल तेव्हा ‘एकच जल्लोष’ या वाक्याच्या जागी चार वाक्ये लिहावीत : कोण ओरडले, कोण गप्प राहिले, ते कुठून आले होते, आणि संघ उद्या बंद झाला तर त्यातले कोण दाराशी जाऊन जाब विचारील. चौथ्या वाक्याचे उत्तर ‘कुणीच नाही’ असे येत असेल, तर त्या शहरात अजून फुटबॉलचा संघ नाही, फक्त सामने आहेत.