जखम बांधल्यानंतर : ‘कासव’ चित्रपटाच्या निमित्ताने

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट २०१६ सालचा. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ त्याला लाभले. ‘श्यामची आई’पासून मोजल्यास हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. सुमित्राबाई २०२१ साली निवर्तल्या. इतक्या उशिरा त्याविषयी लिहिण्याचे कारण असे की, उमरोळीत आम्ही तीन-चार कुटुंबांनी मुलांसह तो नुकताच पाहिला आणि त्यानंतर झालेली चर्चा चित्रपटापुरती राहिली नाही.

जीव संपवण्याचा प्रयत्न केलेला एक तरुण रुग्णालयातून निघून जातो, भटकतो, आजारी पडतो आणि जानकी नावाची स्त्री त्याला समुद्रकाठच्या आपल्या घरी आणते. कथानक एवढेच. आलोक राजवाडे यांचा तरुण फारसा बोलत नाही. इरावती हर्षे यांची जानकी फारसे विचारत नाही. तू कोण, कुठला, असे का केलेस, यांतला एकही प्रश्न ती त्याच्यावर लादत नाही. ती स्वतः मनाच्या अंधारातून गेलेली असल्याने तिच्या मौनात उपेक्षा नाही, ओळख आहे. डॉ. मोहन आगाशे यांचे दत्ताभाऊ किनाऱ्यावरच्या कासवांची अंडी राखतात. मादी अंडी घालून समुद्रात परतते. पिल्ले पाण्यापर्यंत पोहोचावीत म्हणून दुसऱ्या कुणाला तरी राखण करावी लागते. हे रूपक दिग्दर्शकांनी हलक्या हाताने वापरले आहे, म्हणूनच ते मनात राहते.

तरीही आमची एक तक्रार आहे. चित्रपटाची करुणा सुरू होते ती रुग्णालयाच्या दाराबाहेर पडल्यावर. सारी शुश्रूषा एका निवांत, सुखवस्तू घरात घडते. रुग्णालय मात्र केवळ निसटून जाण्याची जागा ठरते. आमच्या मुलांच्या वाटेवर अशी जानकी मोटार घेऊन येईलच असे नाही. त्यांच्या वाट्याला येते ते अपघात विभागातले बाकडे. उमरोळीच्या एका बाजूस पालघर, दुसऱ्या बाजूस बोईसर. मध्यरात्री मुलीला रिक्षात घालून निघालेल्या बापाला तेवढाच आधार दिसतो, आणि प्रकृती गंभीर असली तर पुढे मुंबईची किंवा सिल्वासाची वाट धरावी लागते.

त्या बाकड्यावर काय घडावे, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. प्रथम शरीर सावरायचे, वेदना शमवायची, आणि ‘स्वतःच केलेस ना, मग सोस’ असा टोमणा कुणीही मारायचा नाही. मग मुलाला थोडे बाजूला घेऊन निवांत बोलायचे : घरी, शाळेत, मैत्रीत काय घडले, पुन्हा तसे वाटते का, विश्वासाचे माणूस कोण. ब्रिटनमधील २००४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालील अशा मुलाला सहसा एक रात्र मुलांच्या वॉर्डात ठेवून घेण्यास सांगितले होते. जागतिक आरोग्य संघटनेचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर थेट आमच्या देशाशी निगडित आहे. चेन्नईसह पाच देशांतील पाच शहरांत, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर अपघात विभागात आलेल्या १,८६७ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना तासभराचा संवाद आणि अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढेच जास्तीचे दिले गेले. त्यांच्यात पुढे आत्महत्येने दगावलेले ०.२ टक्के, इतरांत २.२ टक्के. ते रुग्ण सारे किशोरवयीन नव्हते, पण धडा मुलांच्याही कामाचा आहे. नऊ वेळा केलेली विचारपूस! जानकी तरी दुसरे काय करते?

दोष केवळ रुग्णालयांचा नाही. ‘चुकून औषध पोटात गेले’ असे डॉक्टरांना सांगून, दुसऱ्या सकाळी मुलाला घाईघाईने घरी आणणारे आम्हीच असतो. पोलीसकेसची भीती, धर्मग्रामात बोभाटा होण्याची भीती. वास्तविक, उपचार आधी आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच बजावले. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो, आणि जुने कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. ख्रिस्तसभेनेही १९८३ च्या कायदेसंहितेत, आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारणारा जुना नियम ठेवला नाही. जी माता मेलेल्याला दूर लोटत नाही, तिच्या अंगणात जिवंत लेकराला लपवण्याचे कारण काय?

या ठिकाणी दयाळू शोमरोनीचा दाखला आठवतो. जखमा बांधून तो वाटसरूला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि परत येण्याचे आश्वासन देऊन निघतो. त्या जखमी माणसाची पुढली रात्र उतारशाळेवाल्याने कशी काढली, हे दाखल्यात येत नाही. ‘कासव’ही त्या रात्रीविषयी मौन पाळतो. चित्रपट म्हणून ते त्याचे उणेपण. पण ती रात्र सांभाळण्याचे काम डॉक्टर, परिचारिका आणि आम्हा आईबापांचे आहे.

‘कासव’ अवश्य पाहावा. मुलांबरोबर पाहावा आणि नंतर लगेच दिवा मालवून झोपू नये. कुणाच्या मनात असे विचार घोळत असतील, तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी रात्रंदिवस उपलब्ध आहे. तो क्रमांक घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवावा.