डर्क बोगार्ड यांचा अभिनय : मौनाचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना

चित्रपट अभिनेत्याच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना भूमिकांची संख्या, पुरस्कार आणि लोकप्रियता यांचा प्रामुख्याने विचार केला जातो. त्याने जे बोलावयाचे टाळले, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ब्रिटिश अभिनेते डर्क बोगार्ड (१९२१-१९९९) यांच्याबाबतीत मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. समलिंगी व्यक्तीची वेदना पडद्यावर धाडसाने साकारणाऱ्या या अभिनेत्याने स्वतःच्या खाजगी जीवनाविषयी अखेरपर्यंत मौन पाळले. या मौनाचा आणि त्यांच्या अभिनयाचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लोकप्रियतेची चौकट

बोगार्ड यांचा जन्म २८ मार्च १९२१ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील 'द टाइम्स' या दैनिकाचे कलासंपादक होते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर बोगार्ड रँक ऑर्गनायझेशन या बलाढ्य चित्रपटसंस्थेशी करारबद्ध झाले. बेसिल डिअर्डन दिग्दर्शित 'द ब्लू लॅम्प' (१९५०) मध्ये त्यांनी पोलिसाचा खून करणारा तरुण गुन्हेगार रंगविला. पुढे 'डॉक्टर इन द हाऊस' (१९५४) या विनोदी चित्रपटातील सायमन स्पॅरो या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या भूमिकेने त्यांना अफाट लोकप्रियता मिळवून दिली. देखणा, सालस, तरुणींच्या पसंतीचा नायक ही त्यांची प्रतिमा रूढ झाली. या प्रतिमेवर त्यांचे सारे व्यावसायिक स्थैर्य अवलंबून होते.

'व्हिक्टिम' : प्रतिमेचा भंग

इंग्लंडमध्ये त्या काळी पुरुषांमधील समलिंगी संबंध हा गुन्हा होता. प्रौढांमधील परस्परसंमतीने व खाजगीत होणारे असे संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस वुल्फेंडन समितीने १९५७ साली केली. प्रत्यक्षात कायदा बदलण्यास १९६७ साल उजाडले. या दोहोंच्या दरम्यान, १९६१ साली, डिअर्डन यांचाच 'व्हिक्टिम' प्रदर्शित झाला. मेल्व्हिल फार या प्रतिष्ठित, विवाहित बॅरिस्टरचे ज्याच्याशी भावनिक नाते होते, तो तरुण खंडणीखोरांच्या जाचामुळे पोलीस कोठडीत आत्महत्या करतो. आपली कारकीर्द संपेल हे ठाऊक असूनही फार न्यायालयात साक्ष देण्याचा निर्णय घेतो.

पत्नी लॉरा जाब विचारते तो प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वकिली संयमाने बोलणाऱ्या फारचा स्वतःवरील ताबा हळूहळू सुटत जातो आणि त्या तरुणाविषयीच्या ओढीची कबुली त्याच्या तोंडून बाहेर पडते. दीर्घकाळ दाबून ठेवलेले सत्य उच्चारताना माणसाला होणारा शारीरिक त्रास बोगार्ड येथे प्रत्ययास आणून देतात.

मौनाची अभिनयशैली

यानंतर बोगार्ड यांनी अधिक गुंतागुंतीच्या भूमिका स्वीकारल्या. जोसेफ लोझी दिग्दर्शित आणि हॅरॉल्ड पिंटर लिखित 'द सर्व्हंट' (१९६३) मधील नोकर बॅरेट आज्ञाधारकपणाच्या आडून मालकावरच सत्ता गाजवू लागतो. किंचित लांबलेली नजर आणि आदबशीर स्वरातील सूक्ष्म उपहास यांतून ही उलथापालथ जाणवते. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. व्हिस्कोंती यांच्या 'डेथ इन व्हेनिस' (१९७१) मध्ये तर आशेनबाख या वृद्धत्वाकडे झुकलेल्या संगीतकाराची आसक्ती व मानहानी बव्हंशी संवादांवाचून व्यक्त होते.

आक्षेप आणि मर्यादा

अँथनी फॉरवुड हे बोगार्ड यांचे व्यवस्थापक आणि अनेक दशकांचे सहनिवासी होते. १९८८ साली फॉरवुड यांचे निधन झाले. या नात्याचे स्वरूप बोगार्ड यांनी जाहीरपणे कधीच मान्य केले नाही. 'व्हिक्टिम'च्या नायकाने स्वतः मात्र साक्ष दिली नाही, असा आक्षेप त्यामुळे घेतला जातो. १९६७ पर्यंतचे मौन कायद्याच्या धाकाने समजण्याजोगे आहे. त्यापुढील तीन दशकांचे मौन केवळ कायद्याने स्पष्ट होत नाही. तथापि कायदा रद्द झाल्याने भीती लगेच नाहीशी होत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. शिवाय लोकप्रियतेच्या शिखराजवळ असताना 'व्हिक्टिम' स्वीकारणे ही स्वतंत्र कृती होती. पुढील मौनामुळे तिचे मोल कमी होत नाही.

या मौनाची खरी हानी त्यांच्या लेखनात दिसते. १९७७ पासून प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मचरित्राचे खंड शैलीदार आहेत. परंतु फॉरवुड यांच्याविषयी लिहिताना ही शैली आडपडद्याचे काम करते.

समारोप

१९९२ साली 'सर' हा किताब मिळालेल्या बोगार्ड यांचे ८ मे १९९९ रोजी निधन झाले. जे मौन पडद्यावर त्यांचे सामर्थ्य ठरले, तेच आत्मचरित्रात त्यांची मर्यादा ठरले. ब्रिटिश राजवटीत १८६० साली भारतीय दंडसंहितेत आलेल्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वगळले, हे लक्षात घेता फारची कहाणी भारतीय अभ्यासकालाही परकी वाटू नये. बोगार्ड यांना समजून घेण्यासाठी त्यांच्या आत्मचरित्रापेक्षा त्यांच्या भूमिकांकडेच अधिक विश्वासाने वळावे लागेल.