थरांची यादी आणि तिची भाषा

चित्ररचनेच्या संगणकीय साधनांत पडद्याच्या एका बाजूस थरांची यादी असते. चित्रकार या थरांना ‘लेअर’ म्हणतात. फोटोशॉपमध्ये थर आले ते १९९४ साली, ३.० या आवृत्तीत. आज ही यादी अशा बहुतेक साधनांचे नित्याचे अंग झाली आहे. केवळ सोय म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास मात्र ती वाचावयाची संहिता वाटते, आणि संहिता म्हणून ती सदोष आहे.

या विचारास निमित्त झाला तो एक बोलीनकाशा. वऱ्हाडीत ‘जवळ’चा उच्चार ‘जवय’ असा होतो. हा ‘य’ जेथवर ऐकू येतो त्या प्रदेशाची सीमारेषा एका थरावर काढली होती. दुसऱ्या पाहणीनंतर दुरुस्त केलेली रेषा ‘लेअर ४ कॉपी’ या नावाखाली राहिली व मूळ रेषा ‘लेअर ४’ या नावाखाली. छपाईच्या वेळी दुरुस्त थर झाकला गेला, जुना उघडा राहिला. काही गावांच्या तोंडी नसलेला ‘य’ नकाशाने त्यांच्या तोंडी घातला! दोष लेखकाचाच; तथापि ही नावे थराचा जन्म सांगतात, त्याचा आशय सांगत नाहीत, हेही खरे.

फोटोशॉपमधील अक्षरांचा थर आपल्या मजकुरावरूनच नाव घेतो. ही रीत निश्चितच अधिक शहाणपणाची आहे. परंतु युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मराठी मजकूर असला, की त्या ओळीत निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. मराठी मुद्रणालयांत काम केलेल्यास हे वेगळे सांगावयास नको.

क्रमाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. यादीत जो वर, तो चित्रात पुढे. उलट एसव्हीजी फाइलीत जे नंतर लिहिले जाते ते पुढे रंगते; म्हणजे इंकस्केपची यादी फाइलीचा क्रम उलटा करून दाखविते. गिंपमधील आज्ञा थर ‘उचला’ असे सांगते, इलस्ट्रेटरमधील ‘पुढे आणा’ असे. दुसरी आज्ञा अर्थदृष्ट्या सरस होय, कारण ‘वर’ हा शब्द आधीच फार ओझे वाहतो. नकाशात तर ‘वर’ म्हणजे उत्तर! “ही रेषा वर घ्या,” असे सांगताच एका विद्यार्थ्याने ती उत्तरेकडे सरकविली होती, आणि भाषेच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नव्हते.

एकाच क्रमाकडून दोन कामे घेतली जातात, हे या घोटाळ्याचे मूळ आहे. कोणता रंग कोणास झाकील हे तोच ठरवितो आणि वाचकाने काय आधी वाचावे हेही तोच. शब्दकोशाची मांडणी पाने शिवण्याच्या सोयीने कोणी करीत नाही. फोटोशॉपच्या सीएस६ आवृत्तीत (२०१२) नावाने व प्रकाराने थर गाळून पाहण्याची सोय आली. पण गाळणे म्हणजे मांडणे नव्हे. चित्रातील क्रमास धक्का न लावता विषयवार लावता येईल असा दुसरा, वाचनाचा क्रम यादीस हवा. तसेच प्रत काढताच साधनाने नव्या थराचे नाव विचारावे.

नकाशाच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक थरास उच्चाररूपाचे व पाहणीच्या फेरीचे नाव दिले आहे. यादीतील क्रम मात्र अद्याप रंगांच्याच हुकमतीत आहे.